थांबलेले वर्ष कोणाचे?

बारावीचा निकाल लागला की कोकणात पेढे आणायला फारसा विचार करावा लागत नाही. रत्नागिरी आणि सिंधुदुर्ग या दोन जिल्ह्यांचे वेगळे विभागीय मंडळ २०१२ पासून परीक्षा घेऊ लागले, तेव्हापासून बारावीच्या निकालात कोकण राज्यात पहिले येत आहे. २०२५ साली राज्याचा निकाल ९१.८८ टक्के लागला आणि कोकणाचा ९६.७४ टक्के. म्हणजे आमच्याकडे शंभरातली शहाण्णव मुले जवळजवळ एकाच दिवशी एकाच प्रश्नासमोर उभी राहतात : पुढे काय?

पूर्वी या प्रश्नाला दोनच उत्तरे असत. ऐपत असलेली मुले पुढे शिकत, नसलेली मुंबईची वाट धरीत. अलीकडे घराघरांतून तिसरे उत्तर ऐकू येऊ लागले आहे : ‘मी एक वर्ष थांबतो.’ कुणाला ‘नीट’ची परीक्षा पुन्हा द्यायची असते. कुणाला नेमके काय शिकायचे हे उमगलेले नसते. कुणाच्या घरात त्या वर्षी पैसा नसतो. कुणी पहिलीपासून बारावीपर्यंत घाण्याला जुंपल्यासारखा अभ्यास करून खरोखरच दमलेला असतो. कारण कोणतेही असो, घरातल्या वडीलधाऱ्यांच्या तोंडून वाक्य एकच निघते : ‘म्हणजे वर्ष फुकट घालवणार?’

मराठीत नापास झालेल्या मुलाचे वर्ष ‘बुडते’. समुद्राकाठी राहणाऱ्या माणसाला या शब्दाचे वजन समजावून सांगायला नको. पण थांबणे म्हणजे बुडणे असे आहे काय? नांगर टाकून उभी असलेली होडीही जागची हलत नाही. तिला बुडाली असे कोणी म्हणत नाही. या दोहोंतला फरक ओळखायचा कसा, आणि तो सांभाळण्याची जबाबदारी कोणाची, एवढाच आमच्यापुढचा प्रश्न आहे.

शिक्षणात खंड पडणे ही आपल्या समाजाला नवी गोष्ट नाही. हिफ्ज करायला बसलेल्या मुलाची शाळा दोन-तीन वर्षे, कधी त्याहूनही जास्त बंद राहते. ती वर्षे वाया गेली असे कोणी म्हणत नाही, म्हणूही नये. मुलगा हाफिज झाला की मोहल्ला त्याला हार घालतो. पण हार घातल्यानंतर तो शाळेत परतला का, हे विचारणारे थोडे असतात. ज्याच्या आईवडिलांनी मधल्या काळात त्याची पुस्तके सांभाळली, मास्तरांशी ओळख ठेवली, १७ नंबरचा फॉर्म कधी भरायचा याची चौकशी केली, तो मुलगा बाहेरून दहावीला बसतो आणि पुढे जातो. बाकीच्यांचे परतणे राहूनच जाते.

दुसरे उदाहरण आखाताचे. कोकणातल्या मुसलमानांचे आजे-पणजे बोटींवर खलाशी आणि सारंग म्हणून जात. १९७० नंतर तेलाचा पैसा आला तेव्हा त्यांची नातवंडे कुवेत, दुबई, सौदीला गेली. जाताना बहुतेकांनी घरी एकच सांगितले : दोन वर्षांत येतो. बहिणीच्या लग्नापुरते, घरावरच्या कौलांपुरते पैसे झाले की पुढे शिकेन. दोनाची वीस वर्षे झाली. आम्ही त्यांना दोष देत नाही. खारेपाटणपासून बांद्यापर्यंत कितीतरी घरांचे चिरे त्यांच्याच घामावर उभे राहिले आहेत. पण ‘थोडे थांबतो’ म्हणणाऱ्याला परतायला कोणी बोलावले नाही, की थोड्याचे आयुष्य होते, हे त्या पिढीने आपल्याला दाखवून दिले आहे.

तिसरे उदाहरण आपल्या मुलींचे. बारावीनंतर मुलगा घरी राहिला तर लोक विचारतात, ‘याने गॅप का घेतला?’ मुलगी राहिली तर असे कोणी विचारत नाही. ‘ती घरी आहे,’ एवढेच म्हणतात. तिच्या थांबण्याला थांबणे हे नावसुद्धा मिळत नाही. दिवाळीपर्यंत एखादे स्थळ येते, उन्हाळ्यात निकाह होतो, आणि ‘एक वर्ष’ हा शब्द पुन्हा कोणाच्या ओठांवर येत नाही.

या तिन्ही उदाहरणांत थांबण्याची कारणे वेगळी आहेत. एक इबादतीचे, एक पोटाचे, एक रूढीचे. पण निष्पत्ती ज्या गोष्टीवर ठरली ती तिन्हींत एकच आहे : परतीची वाट कोणी उघडी ठेवली होती का?

पाश्चात्त्य देशांत बारावीनंतर वर्षभर थांबण्याची पद्धत आहे, असे आपली मुले आता वाचतात आणि त्याचा दाखला देतात. दाखला खरा आहे. अमेरिकेतील हार्वर्ड विद्यापीठ प्रवेश मिळालेल्या मुलांना एक वर्ष उशिरा येण्याची मुभा देते, किंबहुना तसे सुचवतेही. राष्ट्राध्यक्ष ओबामा यांची थोरली मुलगी मालिया हिने २०१६ साली तसेच केले आणि २०१७ मध्ये ती तिथे दाखल झाली. आयर्लंडमध्ये तर १९७४ पासून शाळेतच मधले एक वर्ष ठेवले आहे. त्यात परीक्षेचे ओझे बाजूला ठेवून मुले कामाचा अनुभव घेतात, समाजात मिसळतात. पण हे दाखले देताना एक गोष्ट नजरेआड होते. तिथे मुलगा थांबतो तेव्हा त्याची जागा त्याच्यासाठी राखून ठेवलेली असते. एसटीत खिडकीतून रुमाल टाकून माणूस निर्धास्तपणे पाणी प्यायला उतरतो, तसे ते उतरणे आहे. सोय उतरण्यात नाही, रुमालात आहे.

आपल्याकडे हा रुमाल नाही. ‘नीट’चे गुण त्या वर्षीच्या प्रवेशापुरते, सीईटीचेही तसेच. पुढच्या वर्षी पुन्हा परीक्षा, पुन्हा रांग. २०२४ साली तेवीस लाखांहून अधिक मुले ‘नीट’ला बसली आणि देशात एमबीबीएसच्या जागा एक लाखाच्या थोड्या वर होत्या. २०२१ साली सिंधुदुर्गात शासकीय वैद्यकीय महाविद्यालय सुरू झाले. त्यामुळे ओरोसच्या रस्त्याने जाता-येता प्रत्येक आईबापाच्या मनात ते स्वप्न जागे होते. त्या स्वप्नापायी एक वर्ष ‘ड्रॉप’ घेणारी मुले आहेत. त्यांचे वर्ष थांबण्याचे नसतेच, ते त्याच जागी धावण्याचे असते. क्लासची फी, बाहेरगावी राहण्याचा खर्च आणि धाकट्या भावंडांच्या गरजा बाजूला सारून उभा केलेला पैसा, हे सगळे त्या एका वर्षावर लावलेले असते. असे वर्ष घेऊ नये असे आमचे म्हणणे नाही. पण ते एकट्या मुलाचे नसून घरातल्या सगळ्यांकडून उसने घेतलेले आहे, याची जाणीव त्याला असली पाहिजे. आणि यंदाही जमले नाही तर काय, हे दोन्ही बाजूंनी आधीच बोलून ठेवले पाहिजे. त्या बोलण्याला नाउमेद करणे म्हणत नाहीत.

मालवण किनाऱ्यावर या प्रश्नाला आणखी एक पदर आहे. तारकर्ली-देवबागला पर्यटक वाढले, स्कूबा डायव्हिंग आले, घरगुती निवासाच्या खोल्या झाल्या, किल्ल्यावर जाणाऱ्या होड्यांना गर्दी होऊ लागली. पावसाळा ओसरल्यापासून मेपर्यंत अठरा वर्षांच्या पोराला इथे रोजच्या रोज हातात पैसा मिळतो. या कामात शिकण्यासारखेही पुष्कळ आहे. परक्याशी बोलणे, समुद्राची नजर, दुसऱ्याच्या जिवाची जबाबदारी या गोष्टी वर्गात मिळत नाहीत. मे अखेरीस पाण्यावरचे खेळ बंद होतात आणि त्याच सुमारास कॉलेजांचे प्रवेश सुरू होतात. म्हणजे परतीची तारीख इथे निसर्गानेच घालून दिली आहे. तरीही अनेक मुले परतत नाहीत, कारण पुढच्या हंगामाची उचल तोवर घेऊन झालेली असते आणि त्या उचलीवर घरात फ्रीज नाहीतर मोटारसायकल आलेली असते. मुलगा पैसा आणतो आहे म्हटल्यावर त्याला कॉलेजची आठवण करून देणे घरालाही जड जाते. अशा वेळी त्याला थांबवून ठेवणारा समुद्र नसतो, आपणच असतो.

थांबण्याची ही किंमत सगळ्यांना सारखी पडत नाही. सच्चर समितीने २००६ साली सांगितले की देशातील वीस वर्षांवरच्या मुसलमानांत पदवी वा पदविका मिळवलेले चार टक्क्यांहूनही कमी होते. एकूण लोकसंख्येत हेच प्रमाण सात टक्क्यांच्या आसपास होते. पुढे करोनाचे वर्ष आले. त्या वर्षी कोणाला न विचारता सगळ्यांनाच थांबावे लागले. त्यानंतर केंद्र सरकारच्या उच्च शिक्षण सर्वेक्षणाचे आकडे आले. २०१९-२० मध्ये उच्च शिक्षणात सुमारे २१ लाख मुस्लिम विद्यार्थी होते, २०२०-२१ मध्ये ते १९.२१ लाख उरले. त्याच वर्षी देशातील एकूण विद्यार्थिसंख्या मात्र वाढली होती. एका वर्षात पावणेदोन लाखांहून जास्त मुले कमी झाली. या मुलांनी काही ‘गॅप इयर’ घेतले नव्हते. वाट बंद झाली तेव्हा ती घरी गेली, आणि वाट उघडली तेव्हा त्यांना बोलवायला कोणी गेले नाही.

मग काय, कोणीच थांबू नये? जो मिळेल त्या कॉलेजात, जो मिळेल त्या शाखेत नाव घालावे आणि मोकळे व्हावे? पुष्कळ सुज्ञ माणसे हाच सल्ला देतात आणि वरचे आकडे पाहता त्यांची भीती खोटी नाही. परंतु मित्र गेला म्हणून गेलेला, काय शिकतो आहे हे न कळता तीन वर्षे हजेरी लावणारा मुलगा थांबलेला नसतो, पण पुढेही गेलेला नसतो. दिवसभर उपाशी राहिले म्हणून रोजा होत नाही. त्याला नियत लागते. तसेच कॉलेजच्या बाकावर बसल्याने तालीम होत नाही. नियत नसलेली तीन वर्षे ही नियत असलेल्या एका थांबलेल्या वर्षापेक्षा महाग पडतात, मात्र तो खर्च कुणी वहीत मांडत नाही.

रोजाचाच विचार पुढे नेला तर वाट दिसते. रोजा हेही एक थांबणेच आहे. पण त्याला सहरीची वेळ आहे आणि इफ्तारची वेळ आहे. इफ्तार न करता रोजाला रोजा जोडत जाण्याची परवानगी सामान्य माणसाला नाही. नियत, आरंभ आणि शेवट या तिन्ही गोष्टी असतील तरच तो रोजा. एरवी ती नुसती उपासमार. आणि जो आजारी आहे, प्रवासात आहे त्याला सवलत आहे; मात्र राहिलेले रोजे मोजून ठेवायचे आणि नंतर पुरे करायचे. त्याला आपण कजा म्हणतो. राहिलेले बुडाले असे आपला दीन म्हणत नाही, ते देणे राहिले असे म्हणतो. गरिबीने, आजारपणाने, वादळाने ज्या मुलाचे वर्ष राहिले त्याच्याकडे आपण या नजरेने पाहिले तर? मे २०२१ मध्ये तौक्ते वादळाने या किनाऱ्यावरची छपरे, जाळी, होड्या नेल्या. एखाद्या घरात त्या वर्षी मुलाच्या फीऐवजी जाळे आले असेल, तर त्यात लाज वाटण्यासारखे काही नाही. फक्त ते वर्ष कजा आहे, माफ नाही, हे घराने लक्षात ठेवायचे.

इमाम गझाली यांचे उदाहरण आपल्याकडे नेहमी दिले जाते. १०९५ साली बगदादच्या निजामिया मदरशातील सर्वांत मानाची जागा सोडून ते निघून गेले आणि सुमारे अकरा वर्षांनी, ११०६ मध्ये, निशापूरला पुन्हा शिकवू लागले. या कथेतले निघून जाणे सगळ्यांच्या लक्षात राहते. निघण्यापूर्वी त्यांनी आपली संपत्ती वाटून टाकली, पण मुलाबाळांच्या उदरनिर्वाहापुरते मागे ठेवले, हे मात्र फारसे सांगितले जात नाही. आम्हांला तेच अधिक महत्त्वाचे वाटते. इतक्या मोठ्या माणसानेही आपल्या थांबण्याचा भार दुसऱ्याच्या ताटावर टाकला नाही.

जवळचा इतिहासही हेच सांगतो. १९२० साली असहकाराच्या हाकेला ओ देऊन अलीगढच्या कॉलेजातून तरुण बाहेर पडले. त्यांत पुढे राष्ट्रपती झालेले झाकिर हुसेन होते. पण ते बाहेर पडून नुसते घरी बसले नाहीत. त्याच वर्षी २९ ऑक्टोबरला अलीगढमध्येच जामिया मिल्लिया इस्लामियाची स्थापना झाली. एक वर्ग सोडला तो दुसरा वर्ग उभा करून. थांबणाऱ्या पिढीसाठी वडीलधाऱ्यांनी जागा तयार केली, म्हणून ते थांबणे बुडणे ठरले नाही.

आमच्या किनाऱ्यावरचे मच्छीमार हे शहाणपण दरवर्षी पाळतात. १ जून ते ३१ जुलै यांत्रिक होड्यांची मासेमारी बंद. त्या दिवसांत माशांची वीण होते. होडी किनाऱ्यावर ओढून झापांनी शाकारतात, जाळी दुरुस्त करतात, देणीघेणी पाहतात. नारळी पौर्णिमेला सागराला नारळ अर्पण होतो आणि हंगामाची चाहूल लागते. या बंदीत तीन गोष्टी आहेत : शेवट ठरलेला आहे, हात रिकामे नाहीत, आणि बंदी सगळ्या यांत्रिक होड्यांना सारखी आहे. एक थांबला आणि दुसरा जाळे टाकत राहिला तर थांबणाराच मरतो, हे इथल्या रापणकरांना कोणी शिकवावे लागत नाही. शिक्षणाच्या शर्यतीत सगळ्यांना एकदम थांबवणे आपल्या हाती नाही. म्हणून थांबणाऱ्याला उरलेल्या दोन गोष्टी तरी भरपूर द्याव्या लागतील : ठरलेला शेवट आणि हाताला काम.

आता रुमाल कोणी टाकायचा? काही सोय सरकारने केली आहे. २०२० च्या शैक्षणिक धोरणाने पदवीचे शिक्षण मध्येच थांबवून पुन्हा सुरू करण्याची मुभा दिली आणि मिळवलेले श्रेयांक जमा ठेवण्यासाठी २०२१ पासून श्रेयांकांची बँक आली. नाशिकचे यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठ १९८९ पासून आहे. थांबलेल्या वर्षात तिथे नाव घालून ठेवले तर काम करता करताही पुस्तकाशी नाते तुटत नाही. मालवणला स. का. पाटील सिंधुदुर्ग महाविद्यालय आहे, सावंतवाडीला श्री पंचम खेमराज महाविद्यालय आहे. मुंबईला जाता येत नाही म्हणजे शिकताच येत नाही, असे नाही. २०२४-२५ पासून आठ लाखांपर्यंत वार्षिक उत्पन्न असलेल्या घरांतील इतर मागासवर्गीय आणि आर्थिकदृष्ट्या दुर्बल गटातल्या मुलींची व्यावसायिक अभ्यासक्रमांची फी राज्य सरकार भरते. आपल्यातल्या अनेक जमाती इतर मागासवर्गात मोडतात. तेव्हा मुलीच्या बाबतीत ‘फी कुठून आणायची?’ हे कारण पुढे करण्यापूर्वी निदान दाखले काढून पाहावेत.

पण कागदावर ठेवलेली जागा आणि घरात ठेवलेली जागा यांत फरक आहे. खरा रुमाल घरानेच टाकायचा असतो. मुलगा थांबतो म्हणाला तर त्याला ‘फुकट्या’ म्हणू नये. शांतपणे विचारावे की या वर्षात काय करणार, खर्च कोण करणार आणि पुढच्या जूनमध्ये कुठे नाव घालणार. उत्तर लिहून घ्यावे. तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर नसेल तर त्याला थांबू देऊ नये. आणि मुलगी थांबते म्हणाली, किंवा परिस्थितीने थांबली, तर त्या वर्षात तिच्यासाठी आलेल्या स्थळाला ‘ती पुढच्या वर्षी कॉलेजला जाणार आहे’ हे बापाने स्वतःच्या तोंडाने सांगावे. मुलाला हा शब्द दिला नाही तरी तो कसाबसा परतू शकतो. मुलीला नाही दिला तर तिला परतताच येत नाही. म्हणून थांबण्याचा हक्क दोघांना सारखा असला, तरी हमी मुलीला अधिक दिली पाहिजे.

गावच्या जमातीनेही थोडे करावे. सिंधुदुर्गात आपण शंभरात तीनच्या आसपास आहोत. इतक्या लहान समाजात यंदा बारावी झालेली मुले-मुली किती, हे एका कागदावर मावते. मशिदीच्या बांधकामाचा हिशेब आपण दरवर्षी वाचून दाखवतो. मोहल्ल्यातली किती मुले गेल्या वर्षी थांबली आणि त्यांतली किती परतली, हा हिशेब वाचायला दहा मिनिटे पुरतील. ज्याचे नाव ‘थांबली’ या रकान्यात दोन वर्षे राहील त्याच्या घरी दोन माणसांनी जाऊन चहा प्यावा, एवढेच.

काळाला आपण अल्लाहची अमानत मानतो. अमानत पेटीत कुलूपबंद करून ठेवली तरी ती खर्च होत असते, म्हणून तिच्या बाबतीत घाई आणि आळस दोन्ही वाईट. अठरा वर्षांच्या मुलाचे एक वर्ष त्याचे एकट्याचे नाही आणि त्याच्या आईबापाचेही एकट्याचे नाही. त्याला थांबायची मोकळीक द्यायची असेल तर परत बोलावण्याचे ओझेही आपल्याला उचलावे लागेल. ते उचलायची तयारी नसेल, तर पुढच्या निकालाच्या दिवशी पेढे वाटताना तोंड गोड करून घेणाऱ्या मुलीला कोणी ‘थोडी थांब’ असे सांगू नये.